पाळलेला साप आपल्या माणसाला ओळखतो का?

मेघना_नॉटिंगहॅम

नमस्कार. प्रश्न सरळ आहे. घरात पाळलेल्या सापाला रोज हाताळणारा माणूस आणि परका माणूस यांतला फरक कळतो का? की ज्या हाताला ऊब आहे तो हात कुणाचाही असो, त्याला सगळे सारखेच?

आमच्या लेकीकडे एक कॉर्न स्नेक आहे. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली, बिनविषारी. अंग केशरी, त्यावर तांबडे ठिपके, म्हणून लेकीने नाव ठेवलंय शेंदऱ्या. इथे इंग्लंडमध्ये हा साप पाळायला परवाना लागत नाही, त्यामुळे शाळकरी मुलांच्या घरीही असतो. लेकीच्या हातात शेंदऱ्या मनगटावरून सावकाश बाहीत शिरतो. पाहुण्यांच्या हातात दिला की अंग आखडतो, शेपटीचं टोक थरथरवतो, कधी घाण वासाचा द्रव सोडतो. लेक म्हणते, "तो मला ओळखतो." माझे बाबा कोल्हापूरहून म्हणतात, "सापाला कसली ओळख? साप फक्त डूख धरतो."

त्याचं लेकीवर प्रेम आहे का, हे मी विचारत नाहीये. फक्त ओळख. ज्यांनी साप पाळलेत, हाताळलेत किंवा या विषयाचा अभ्यास केलाय, त्यांनी सविस्तर लिहावं.

रानवाटा_सातारा

मेघनाताई, मी सर्पमित्र आहे, पण साप पाळत नाही. आमचं काम लोकांच्या पडवीतून, माळ्यावरून, विहिरीतून साप सोडवायचं. धामण पिशवीत गेली की थोड्या वेळात गप्प होते. बघणारे म्हणतात, "दादा, तुम्हाला ओळखते ती." तसं काही नसतं. अंधार झाला, आडोसा मिळाला, म्हणून ती शांत होते. नाग फणा खाली घेतो तो समोरची हालचाल थांबली म्हणून. गारुड्यापुढे डोलणारा नागसुद्धा सुरावर डोलत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो.

हे आधीच लिहितो, कारण आपल्याकडे "हा मला ओळखतो" या भरवशावर नाग गळ्यात घालून व्हिडिओ काढणारी पोरं आहेत आणि त्यातली काही जिवानिशी गेली आहेत. तुमच्या बिनविषारी कॉर्न स्नेकची चर्चा जरूर करू. पण इथे जे निघेल ते कुणी नाग-घोणसांना लावू नका.

गंधार_पुणे

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. रानवाटा म्हणतात ते शब्दन् शब्द मान्य. मेघनाताईंच्या प्रश्नात मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सोडवून घेऊ.

पहिली सवय. साप रोज उचलला आणि काही वाईट घडलं नाही की उचलण्याची भीती मरते. ती कुणीही उचललं तरी मरते, यात माणूस ओळखणं आलंच नाही. दुसरी सांगड. पेटीचं झाकण सरकलं की उंदीर येतो, हे साप शिकतो, म्हणून झाकण सरकताच तोंड पुढे काढतो. अनेक पाळणारे हात घालण्याआधी साप उचलायच्या हुकने अंगाला हलकेच स्पर्श करतात, म्हणजे आता खाणं नाही, हाताळणं आहे, हे त्याला कळतं. हीसुद्धा माणसाची ओळख नाही. तिसरी गोष्ट आपल्याला हवी ती: दोन माणसं, दोघांची हाताळणी सारखी, खाण्याचा संबंध नाही, आणि तरीही साप त्यांच्यात फरक करतो का?

करत असेल तर तो वासाने करणार. सापाला पापण्या नाहीत, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. हालचाल त्याला चांगली टिपता येते, पण त्याचा खरा भरवसा जिभेवर. जीभ बाहेर येते, हवेतले आणि पृष्ठभागावरचे कण उचलते, आणि ते टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे, म्हणजे वास टिपणाऱ्या अवयवाकडे, पोचतात. जिभेला दोन टोकं असल्यामुळे वास डावीकडे जास्त की उजवीकडे, हेही समजतं. त्यामुळे साप काय हुंगतोय हे जिभेची लपलप मोजून कळू शकतं. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचे गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात नुकत्याच जन्मलेल्या, कधी काही न खाल्लेल्या गार्टर सापांपुढे (ही तिकडचीच एक जात) भक्ष्याच्या अर्कात बुडवलेला कापूस धरला. पिल्लं जीभ लपलपवत त्या कापसावर तुटून पडली. तेव्हापासून कापसाचा बोळा आणि लपलपीची मोजणी हे सापांच्या अभ्यासातलं रोजचं हत्यार झालं.

आता मेघनाताई, तुमच्या शेजारच्याच गावाची गोष्ट. लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमका हाच प्रश्न कॉर्न स्नेकना विचारला: ओळखीच्या माणसाचा वास आणि अनोळखी माणसाचा वास. काही साप साध्या पेट्यांत ठेवलेले, काही भरल्या पेट्यांत. भरल्या म्हणजे चढायला, लपायला, उकरायला काहीतरी असलेल्या. भरल्या पेट्यांतल्या सापांनी दोन वासांत फरक केला, साध्या पेट्यांतल्यांनी नाही.

म्हणजे उत्तर "हो, ओळखू शकतो" असं आहे, पण त्याला एक अट आहे, आणि मला ती अट उत्तराहून मोठी वाटते. क्षमता जातीची असली तरी ती दिसायची की नाही हे आपण त्या सापाला कसं जगू देतो यावर ठरतं. रिकाम्या पेटीतल्या सापाकडे बघून "याला काही कळत नाही" म्हणणं हा त्या सापावर अन्याय आहे.

निनाद_अटलांटा

गंधारसर, उत्तम. माझ्याकडे बॉल पायथन आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत दडवतो, म्हणून हे नाव. माझा अनुभव असा की मी बोलत बोलत खोलीत आलो की तो डोकं बाहेर काढतो. बायको आली तर काढत नाही. मग आवाजाचं काय? साप बहिरा असतो असं शाळेत शिकलो होतो.

गंधार_पुणे

बहिरा नसतो. बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही, पण आतला कान आहे आणि तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला आहे. डेन्मार्कमध्ये बॉल पायथनवरच मोजणी झाली आहे, २०१२ मध्ये. हवेतल्या आवाजाने कवटीत कंप येतो आणि तो त्यांना कळतो, सर्वांत चांगला ८० ते १६० हर्ट्झच्या पट्ट्यात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण याच पट्ट्यात येतो, बाईचा बहुधा त्याच्या वर. म्हणजे तुमचा आवाज त्याला वहिनींच्या आवाजापेक्षा अधिक जाणवत असेल, एवढ्यानेही तुमच्या अनुभवाचा उलगडा होतो. शिवाय पावलांचा जमिनीतून येणारा कंप आहेच.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०२३ साली १९ सापांना ध्वनिरोधक खोलीत ४५० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकवले. वोमा अजगर आवाजाकडे सरकले, तायपान आणि ब्राउन स्नेक हे विषारी साप आवाजापासून दूर गेले. ऐकू येतं हे पक्कं. पण ऐकू येणं आणि कुणाचा आवाज हे कळणं यांत फार अंतर आहे, ते ओलांडायची घाई करू नका. आणखी एक, पायथनला खायला कोण घालतं?

निनाद_अटलांटा

मीच.

गंधार_पुणे

मग आवाज म्हणजे उंदीर, ही सांगडसुद्धा शक्य आहे. पुढचे काही महिने वहिनींना खायला घालू द्या आणि काय बदलतं बघा.

अमृता_के

मेघनाच्या बाबांच्या डूख धरण्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. आमच्या कोकणातल्या घरी एकदा साप मारला गेला आणि काही दिवसांत त्याच जागी दुसरा दिसला. आजी म्हणाली, जोडीदार आला सूड घ्यायला. माणसाचा वास ओळखता येतो असं आता म्हणताय, तर मग ही समजूत अगदीच खोटी कशी?

रानवाटा_सातारा

अमृताताई, हा प्रश्न मला गावोगावी विचारतात. सापांची जोडी नवराबायकोसारखी एकत्र राहत नाही. मिलनाच्या काळात मादीच्या कातडीवरचा गंध जमिनीला लागत जातो आणि नर त्या मागावर येतो. मादी मेली तरी ती गेली त्या वाटेवरचा माग लगेच पुसला जात नाही. आणि दुसरं कारण साधं आहे: पहिला साप ज्या उंदरांसाठी तुमच्या घरात आला, ते उंदीर अजून तिथेच आहेत. दुसऱ्यालाही तेच हवेत.

पुन्हा, मेघनाताईंच्या लेकीचा वास सापाला कळतो तो रोजच्या सहवासातून. एकदा काठी उगारणाऱ्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवून त्याच्या घराचा पत्ता शोधत येणं, याला कुठेही आधार नाही. या एका समजुतीपायी लोक साप अर्धमेला सोडत नाहीत, ठेचून जाळतात. दिवड, धामण, तस्कर, सगळे बिनविषारी, रोज मरतात. माझा जीव तुटतो हे बघून.

ओंटारियोकर

आमच्या इथल्या, कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठाचं काम या चर्चेत यायलाच हवं. २०२० साली त्यांनी ४० ईस्टर्न गार्टर साप अभ्यासले. गटागटाने मोकळ्या जागेत ठेवले, लपायला निवारे दिले, कोण कुणाबरोबर बसलंय याचे रोज फोटो काढले आणि मग सगळ्यांच्या जागा मुद्दाम विस्कटल्या. साप पुन्हा आपापल्या ठरावीक सोबत्यांकडे गेले. "साप एकलकोंडा" हे आपण किती सहज म्हणतो!

२०२४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आणखी पुढचं केलं. सापाच्याच अंगाचा वास कापसावर घेतला, त्यात ऑलिव्ह तेल मिसळून तो बदलला आणि त्याच्यापुढे धरला. आपला वास, पण त्यात काहीतरी वेगळं. गार्टर सापांनी त्या कापसावर जास्त वेळ जीभ लपलपवली. दुसऱ्या सापाच्या तशाच बदललेल्या वासावर एवढा वेळ नाही. आरशात स्वतःला ओळखण्याची जी चाचणी माकडांवर करतात, तिचा हा वासाचा अवतार. निनाद, तुम्हाला आवडणार नाही, पण बॉल पायथन त्या चाचणीत वेगळे वागले नाहीत.

निनाद_अटलांटा

वाईट वाटलं खरं. पण याचा अर्थ पायथन मठ्ठ असा घ्यायचा का?

ओंटारियोकर

मुळीच नाही. गार्टर घोळक्याने राहतात, मॅनिटोबातल्या नार्सिस इथे थंडीत हजारोंनी एका बिळात असतात. कोण कुठला हे कळण्याची गरज त्यांना रोज पडते. बॉल पायथन बिळात एकटा, रात्री हिंडणारा, भक्ष्याची वाट बघत बसणारा. प्रत्येक जातीला तिच्या जगण्यातला प्रश्न विचारला पाहिजे. शिवाय ती स्वतःला ओळखण्याची चाचणी होती, माणूस ओळखण्याची नव्हे.

एक भर घालतो. अजगरांबद्दल आपण फार कोरडे विचार करतो. दक्षिण आफ्रिकेतल्या खडकी अजगराची मादी अंडी फुटल्यानंतरही साधारण दोन आठवडे पिल्लांजवळ थांबते, पिल्लं रात्री तिच्या वेटोळ्यात येऊन ऊब घेतात. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा भल्याभल्यांना नवल वाटलं होतं.

तृप्ती_पशुवैद्य

मी मेलबर्नमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करते. चर्चा छान चालली आहे, पण मला मूळ लेखातली एक गोष्ट राहून राहून खटकते आहे. अंग आखडणं, शेपटी थरथरवणं, घाण द्रव सोडणं, ही तिन्ही भीतीची लक्षणं आहेत. मेघना, शेंदऱ्या काहीतरी सांगतोय ते आधी ऐका. तो पाहुण्यांना ओळखत नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याला पाहुण्यांच्या हाती देणं आता थांबवा. ओळख तपासायला त्याला परक्या हातात द्यायची गरजच नाही, वास पुरेसा आहे.

घरी करता येईल अशी चाचणी सांगते. स्वच्छ सुती कापडाचे एकसारखे तुकडे घ्या. एक लेकीने मनगटावर चोळायचा, एक तिच्याच वयाच्या मैत्रिणीने, एक कोराच. दोघींनी आधी एकाच, बिनवासाच्या साबणाने हात धुतलेले असावेत आणि कुणीही उंदरांना, मांजराला वा खाण्याला हात लावलेला नसावा. तुकड्यांवर खुणा तुम्ही करा, पण सापापुढे ते अशा माणसाने धरावेत की ज्याला कुठला तुकडा कुणाचा हे ठाऊक नाही. फोनवर चित्रण करा. लपलप मोजणाऱ्यालाही ठाऊक नसावं. हे सगळ्यांत महत्त्वाचं. लेकीने स्वतः तुकडा धरला तर ती नकळत हात जवळ नेईल, श्वास रोखेल, आणि साप त्या हालचालीला उत्तर देईल. क्रम दर वेळी बदला. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, त्या दिवसांत काही करू नका. खाल्ल्यावर किमान दोन दिवस हातही लावू नका, नाहीतर ओकून टाकेल.

आणि निकाल कसा वाचायचा? अनोळखी कापडावर जीभ जास्त लपलपली तर "परका आवडला" असा अर्थ नाही. नव्या वासाची चौकशी जास्त होते, एवढंच. फरक दिसला, आणि तो पुन्हा पुन्हा त्याच दिशेने दिसला, तर शेंदऱ्याला दोन माणसं दोन वाटतात.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला साप हाताळू देऊ नका. अगदी निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. मोठ्यांनीही नंतर साबणाने हात धुवावेत.

मेघना_नॉटिंगहॅम

तृप्ती, मनापासून आभार. पाहुण्यांना देणं आजपासून बंद. लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने लगेच होकार दिला. गंधारसरांना एक विचारायचं आहे: भरली पेटी म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे पेटीत कागद, पाण्याचं भांडं आणि एक लपायचं घरटं आहे. दुकानदाराने सांगितलं होतं की सापाला एवढं पुरे.

गंधार_पुणे

"एवढं पुरे" हे स्वच्छ करणाऱ्याच्या सोयीने ठरलेलं आहे. कॉर्न स्नेक मुळात पाइनची जंगलं, पडीक शेतं, जुनी कोठारं इथे राहतो, झाडावर सहज चढतो. त्याला अंग सरळ ताणता येईल एवढी लांबी द्या. उबदार टोकाला एक आणि थंड टोकाला एक अशी दोन लपणं द्या, नाहीतर ऊब हवी की सुरक्षितता, यातलं एकच निवडावं लागतं. कागदाऐवजी आत शिरता येईल असा भुशाचा किंवा मातीचा जाड थर, चढायला भक्कम फांद्या, अंग बुडेल असं भांडं. मधूनमधून नवा वास असलेली वस्तू, जसं वाळलेली पानं. लिंकनच्याच गटाने सापांना साध्या आणि भरल्या जागेत मोकळी निवड दिली तेव्हा सापांनी भरल्या बाजूला पसंती दिली. सापालाच विचारलं आणि त्यानेच सांगितलं.

निनाद_अटलांटा

इथे मी थोडा वेगळा सूर लावतो. बॉल पायथन मोठ्या जागेत घाबरतो, खाणं सोडतो. इथले कितीतरी ब्रीडर एकावर एक रचलेल्या खणांत ठेवतात आणि साप खातात, वाढतात, अंडी देतात.

तृप्ती_पशुवैद्य

खातो, वाढतो, अंडी देतो, म्हणजे जिवंत आहे. बरा आहे का, हे त्याने कळत नाही. मोठ्या जागेत पायथन घाबरतो ते जागा मोठी म्हणून नव्हे, उघडी म्हणून. बिळात राहणारं जनावर आहे, त्याला अंगाला चारी बाजूंनी टेकणारं घट्ट लपण हवं. मोठी पेटी घ्या आणि ती गच्च भरा: सालीचे तुकडे, खोटी पानं, दोन-तीन लपणं, की एका लपणातून दुसऱ्यात जाताना उघड्यावर यावं लागू नये. सगळं एका दिवशी बदलू नका. जुनं लपण तसंच उचलून नव्या पेटीत ठेवा, न धुता, त्याला त्याचाच वास लागलेला असतो. मग काही दिवस पूर्ण एकटं सोडा. त्यानंतर खाणं द्या.

निनाद_अटलांटा

जुनं लपण न धुता ठेवायचं हे सुचलंच नसतं. करतो.

चिपळूणचा_केतन

बारावीत आहे. धागा वाचून खूप उत्सुकता वाटली. आमच्या परसात तस्कर दिसतो, बिनविषारी आहे. काही दिवस पेटीत ठेवून कापडाची ही चाचणी करू का? नंतर सोडून देईन.

रानवाटा_सातारा

केतन, नको रे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली आपल्याकडचा जंगली साप पकडून ठेवणं गुन्हा आहे, बिनविषारी असला तरी. आम्हा सर्पमित्रांनाही साप घरी ठेवता येत नाही, वनविभागाला कळवून सोडावा लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी तुझं उत्तर चुकीचंच येईल. पकडलेला साप भेदरलेला असतो, तो तुझा वास हुंगत नाही, पळायची वाट शोधतो. तिकडचे कॉर्न स्नेक पिढ्यान् पिढ्या माणसांकडे जन्मलेले आहेत, त्यांची गोष्ट निराळी.

तुला खरंच करायचं असेल तर तो परसात कधी येतो, पावसाआधी की नंतर, कुठल्या दगडाखाली जातो, माणसं अंगणात असताना येतो का, हे लांबून वहीत टिपून ठेव. फोटो काढ, पण हुसकावू नको. घरात शिरला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर. पुण्याला आलास तर कात्रजच्या सर्पोद्यानात जा, तिथे तस्कर जवळून बघता येईल.

गंधार_पुणे

आणि ती वही मला दाखव, केतन. एकाच जागचा एकच साप वर्षभर पाहिला तर त्यातून खूप कळतं. डोक्याच्या बाजूच्या रेषा आणि मानेवरच्या खुणा नीट चितारल्यास तर तोच साप पुन्हा आला की दुसरा, हे तुला सांगता येईल.